पुली जाम झालीये सांगून पाचशे डॉलरचा चुना लावला

कॅलिफोर्नियातल्या बे एरियात ज्यांच्याकडे जुना पिकअप आहे त्यांनी हे जरूर वाचा, आणि आपल्या मराठी लोकांकडे पण आता बरेच झालेत, मागे थोडं अंगण असलं की माती, लाकडं, गणपतीत मंडळाचं सामान वाहायला एक जुना ट्रक घेतातच. पॉवर स्टीअरिंगचा पंप बदलायला गाडी टाकली आणि दुपारी फोन आला की पुली (बेल्ट ज्यावरून फिरतो ते पंपाचं चाक) शाफ्टवर पार जाम झालीये, वेल्ड झाल्यासारखी, गॅसने गरम करून काढावी लागेल, लेबर वाढेल, तर फोनवर लगेच हो म्हणू नका. या एका वाक्यावर माझ्याकडून जवळपास पाचशे डॉलर जास्तीचे काढले आणि त्या वाक्यात खरं काही नव्हतं.

माझा ट्रक १९९५ चा फोर्ड एफ-१५०, ४.९ लिटरचं स्ट्रेट सिक्स इंजिन. इंजिनला तोड नाही, १९९६ नंतर फोर्डने एफ-१५० मध्ये ते देणं बंद केलं त्याबद्दल लोक अजून हळहळतात. पण पॉवर स्टीअरिंगचा पंप म्हणजे त्या काळच्या फोर्डचं रडगाणं, पार्किंगमध्ये स्टीअरिंग फिरवलं की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज यायचा आणि पुलीच्या मागून तेल टपकायचं. म्हणजे पंप गेला होता हे खरं, त्यात वाद नाही. एका छोट्या गॅरेजमध्ये दिला (नाव लिहीत नाहीये), रिव्ह्यू चांगले होते, काउंटरवरचा माणूस गोड बोलणारा. लेखी एस्टिमेट दिलं, नवीन पंप २४० डॉलर, दीड तास लेबर, तेल, सगळं मिळून सव्वापाचशेच्या आसपास. सही केली.

मग तो फोन आला. अडीच तास जास्तीचे, तासाला १७० प्रमाणे. वर पुली काढताना वाकणार म्हणून नवी पुली ८५ डॉलर. गाडी उघडून ठेवलेली, उद्या मला सामान आणायचंय, आणि समोरचा म्हणतोय की ही जुन्या गाड्यांची नेहमीचीच भानगड आहे. हो म्हटलं. पुण्यात कसं आपण गॅरेजवाल्याच्या शेजारी स्टूल टाकून बसतो, चहा मागवतो, तो काय करतोय ते दिसत असतं, इथे आत पाऊल टाकायची सोय नाही, इन्शुरन्सचं कारण सांगून बाहेर खुर्चीत बसवतात.

संध्याकाळी परत फोन. आता म्हणे रॅक (स्टीअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत नेणारा भाग) लीक होतोय, पंपासोबत तोही बदलून घ्या, सोळाशे. इथे मात्र माझे कान टवकारले, कारण या ट्रकला रॅक नाहीच. १९९५ च्या एफ-१५० ला जुन्या पद्धतीचा स्टीअरिंग गिअरबॉक्स असतो, आत स्क्रू आणि बॉल्सवाला, रॅक अँड पिनियन एफ-१५० ला २००४ च्या मॉडेलपासून आला. मी म्हटलं, कुठला रॅक हो? तर जरा थांबून म्हणतो की नाही नाही, गिअरबॉक्सच म्हणायचं होतं. मी नको म्हटलं. आता काहीतरी गडबड आहे हे कळलं होतं पण पैसे भरल्याशिवाय गाडी देत नाहीत, आणि भांडण गाडी ताब्यात आल्यावरच करावं. बिल झालं हजाराच्या वर. जुने पार्ट मागितले तर पंप व्हेंडरकडे परत गेला आणि पुली भंगारात टाकली म्हणे.

आता बिलात एक ओळ होती, कोअर चार्ज ४० डॉलर. हे काय असतं ते सांगतो कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. रीबिल्ट पार्ट विकत घेतला की दुकानदार जुन्या पार्टचं डिपॉझिट घेतो, जुना आणून दिला की ते पैसे परत, कारण त्याच जुन्यातून ते पुढचा रीबिल्ट बनवतात. कोरा नवीन पंप असेल तर सहसा कोअर नसतोच. मग २४० चा नवीन पंप लावलाय म्हणता तर कोअर कशाचा, आणि माझा जुना पंप परत गेला म्हणता तर त्याचे ४० कुणाच्या खिशात गेले?

दोनेक दिवसांत बेल्ट चीं चीं करायला लागला. बॉनेट उघडून इंजिन चालू केलं तर पंपाची पुली डुगडुगत फिरत होती आणि बेल्टच्या कडेचे दोरे निघायला लागलेले. या इंजिनला एकच लांब बेल्ट असतो, अल्टरनेटर, वॉटर पंप सगळं त्याच्यावर, तो निसटला की फ्रीवेवर बसा इंजिन तापवत. नशिबाने त्या वेळी माझ्या मित्राचे वडील इकडे आलेले होते, भोसरी एमआयडीसीत फिटर म्हणून आयुष्य गेलेलं. फोर्डचा ट्रक त्यांनी जन्मात उघडला नव्हता पण पुली ती पुली. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, टॉर्च मारला आणि म्हणाले, "अरे, ही नवी पुली म्हणतोस? हिच्यावर गंज बघ की. आणि हे बघ, समोरासमोर दोन ठिकाणी कड दबलीये. टू-लेग पुलर, म्हणजे दोन पायांचं ओढायचं हत्यार, लावून ओढलंय कुणीतरी. प्रेस फिट, म्हणजे नुसती दाबून बसवलेली पुली कडेला धरून ओढतात का? बॉसला, म्हणजे मधल्या जाड भागाला, धरून ओढायची."

मी म्हटलं, काका, ते तर म्हणत होते गॅसने गरम करून काढली.

"गॅस लावला असता तर बॉसजवळचा हा जुना काळा रंग राहिला असता का? जळून गेला असता. तुला गंडवलंय."

म्हणजे झालं असं की माझीच जुनी पुली, चुकीच्या पुलरने वाकवलेली, परत बसवली आणि नव्या पुलीचे पैसे लावले. मग पंपाकडे नीट बघितलं तर मागच्या बाजूला रीबिल्ट करणाऱ्या कंपनीचा स्टिकर, त्यावरचा स्प्रे पेंट जुन्या खड्ड्यांवरून मारलेला. पार्ट्सच्या दुकानात तसाच पंप कोअर सोडून सत्तरेक डॉलरला मिळत होता. रीबिल्ट पंप वाईट असतो असं माझं म्हणणं नाही, मी स्वतः तोच घेतला असता, पण नवीन म्हणून २४० लावायचे म्हणजे सरळ दरोडा आहे.

आता ही पुली जाम होण्याची गोष्ट नीट समजून घ्या कारण सगळा खेळ त्याच्यावर चालतो. या पुलीला ना नट असतो ना खाचेत बसणारी चावी. शाफ्टपेक्षा पुलीचं भोक केसभर लहान ठेवतात आणि दाबून बसवतात, म्हणून ती फॅक्टरीतून निघते तेव्हापासूनच 'जाम' असते, हाताने हलणारच नाही. तिच्या बॉसवर पुढच्या बाजूला एक गोल खाच असते, ती खास पुलरसाठीच दिलेली. पुलरचे दोन अर्धे तुकडे त्या खाचेत बसतात, त्यावर एक रिंग सरकवायची म्हणजे ते निसटत नाहीत, आणि मधला स्क्रू शाफ्टवर दाबत न्यायचा. एक पाना पुलरला धरायचा, दुसऱ्याने स्क्रू फिरवायचा, स्क्रूला आधी थोडं ग्रीस लावायचं. गंज असेल तर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात झिरपून पार्ट सोडवणारं तेल) मारून ठेवायचं. पत्र्याच्या पुलीला कडेला पाय लावून ओढलं तर ती वाकणार, आणि काही गाड्यांना प्लास्टिकची असते ती तर फुटणारच. हातोडी तर अजिबात नाही, बसवताना पण नाही, ठोकलं की तो दणका शाफ्टमधून आतल्या रोटरला आणि प्लेटला बसतो आणि नवा पंप पहिल्या दिवसापासून रडायला लागतो. बसवायला पुलरच्याच किटमध्ये वेगळा बोल्ट येतो, शाफ्टच्या टोकाला आतून आटे असतात त्यात तो घालून नट फिरवत पुली दाबत आणायची, बॉसचं तोंड आणि शाफ्टचं टोक एका पातळीत आलं की थांबायचं. मग बेल्ट बाकीच्या पुलींच्या सरळ रेषेत आहे का ते बघायचं.

आणि हे सगळं किट इथल्या ऑटोझोन, ओरायलीसारख्या दुकानांत डिपॉझिट भरून घरी नेता येतं, परत केलं की डिपॉझिट परत. आम्ही ते आणलं, एक पुली विकत घेतली आणि काकांनी माझ्या ड्राइव्हवेमध्ये वाकडी काढून सरळ बसवली. पंधरा-वीस मिनिटं लागली असतील, त्यातली निम्मी बेल्ट काढण्यात. कोणी म्हणेल की आठवड्यापूर्वीच बसवलेली होती म्हणून पटकन सुटली. मान्य, तीस वर्षांची मूळची पुली जास्त हट्टी असते, चिर्र आवाज करत इंच इंच सरकते, पण योग्य पुलरला ती पण दाद देते आणि ते काम मूळ दीड तासात धरलेलंच असतं. नवीन पंप पुलीशिवायच येतो, म्हणजे जुनी काढून घालणं हा कामाचाच भाग झाला, त्याचे वेगळे अडीच तास कसले? खरोखर कधी पुली फुटतेही, ते मी नाकारत नाही, म्हणून फोन आला की म्हणायचं, फोटो पाठवा, आणि पुलर कुठला लावलाय तो पण फोटोत दिसू द्या.

कॅलिफोर्नियात यासाठी ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर आहे, राज्याच्या कन्झ्युमर अफेअर्स खात्याखाली. गॅरेजला त्यांच्याकडे रजिस्टर व्हावंच लागतं आणि तसा बोर्ड दर्शनी लावावा लागतो. त्या बोर्डावरच लिहिलेलं असतं की लेखी एस्टिमेट हा तुमचा हक्क आहे, जुने पार्ट परत मागण्याचा हक्क आहे, फक्त ते काम देतानाच मागायचे, नंतर नाही. वॉरंटीमुळे पार्ट व्हेंडरला परत द्यावा लागत असेल तर निदान दाखवतो असं गॅरेजने आधीच सांगायला हवं. आणि पार्ट रीबिल्ट किंवा वापरलेला असेल तर बिलावर तसं लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या बिलावर ठळक 'न्यू' होतं. हा बोर्ड त्या गॅरेजच्या काउंटरमागे, गोड बोलणाऱ्याच्या डोक्याच्या बरोब्बर वर लटकत होता. दुसऱ्या स्टेटमध्ये नियम वेगळे आहेत, तिकडच्यांनी आपापलं बघा.

तक्रार ऑनलाइन होते, फुकट. दबलेली कड, न जळलेला रंग, पंपावरचा स्टिकर, बिल, असे फोटो जोडले. ब्युरो गॅरेजला पैसे परत करायला भाग पाडू शकत नाही, मध्यस्थी करतो, पण रजिस्ट्रेशनवर कारवाई करू शकतो, त्यामुळे गॅरेजवाले जागेवर येतात. आमच्या गोड माणसाने पंपातला फरक, पुलीचे ८५ आणि कोअरचे ४० परत केले, 'क्लेरिकल एरर' म्हणून. अडीच तासांचं लेबर मात्र दिलं नाही, कारण फोनवरचा माझा होकार त्यांनी तारीख, वेळ, माझं नाव, फोन नंबर सगळं लिहून बिलावर नोंदवून ठेवलेला. तेवढ्या बाबतीत कायदा अगदी काटेकोर पाळला होता पठ्ठ्यांनी.

त्या सव्वाचारशेसाठी आता स्मॉल क्लेम्सचा (छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट) फॉर्म भरलाय, फी ३० डॉलर, वकील लागत नाही आणि आणताही येत नाही. काकांचं परतीचं तिकीट जानेवारीचं आहे, त्याआधी तारीख मिळाली तर ते वाकडी पुली पिशवीत घेऊन कोर्टात यायला तयार आहेत, इंग्रजीत 'प्रेस फिट' कसं समजावायचं त्याची तयारी आत्तापासून चालू आहे.