टर्बो बदलला म्हणून ७५,२५० रुपये घेतले, टर्बो जागचा हललाच नव्हता

टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा. तो असलेली डिझेल फोर बाय फोर गाडी चढाला ओढत नाही म्हणून कुणी गॅरेजच्या दारात उभं असेल, तर ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा. माझे ७५,२५० रुपये गेलेत आणि ज्यांनी घेतले ते आजही रोज शटर उघडून बसतात.

पाटणच्या वरच्या अंगाला आमची जमीन आहे. पावसाळ्यात तिथली वाट साध्या गाडीला जमत नाही, म्हणून ही २.२ लिटरची बीएस फोर गाडी ठेवलेली. चिपळूणहून येताना कुंभार्ली घाटात तिचा जीवच गेला. तिसऱ्या गिअरला तीसच्या वर जाईना, मागे काळाकुट्ट धूर, इंजिनचा दिवा लागलेला, आरपीएम अडीच हजारापुढे सरकेना. चावी बंद करून पुन्हा चालू केली की थोडं अंतर ठणठणीत चालायची, मग परत तेच. घरची माणसं गाडीत, अंधार पडलेला. क्रेनवाल्याने ६,००० घेतले आणि महामार्गावरच्या एका मोठ्या गॅरेजात गाडी सोडली. गॅरेज मीच निवडलं असतं तरी हेच निवडलं असतं. काचेचं ऑफिस, दोन लिफ्ट, भिंतीवर सर्टिफिकेटं.

स्कॅनर लावला, पी ०२९९ कोड आला. "टर्बो गेला, साहेब." हा कोड फक्त एवढंच सांगतो की कॉम्प्युटरला हवा तेवढा बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, मिळत नाही. का मिळत नाही ते शोधायचं असतं: इंटरकूलरचा (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होज फाटलाय का, ॲक्चुएटरची (बूस्ट कमी-जास्त करणाऱ्या भागाची) व्हॅक्यूमची नळी चिरलीय का, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय का, एअर फिल्टर तुंबलाय का. टर्बोचा नंबर या सगळ्यांनंतर लागतो. गाडी लोडवर चालवून, मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट दोन्ही स्क्रीनवर दाखवा म्हणून हटून बसा. दाखवत नसतील तर गाडी उचला.

मला काय दाखवलं? हवेचा पाइप काढला, टर्बोचा शाफ्ट, म्हणजे पात्यांचा दांडा, दोन बोटांत धरून हलवला. "बघा केवढा प्ले आहे." मी मोबाइलवर व्हिडिओ घेतला. आता तो व्हिडिओ बघवत नाही. पाती शाबूत, घासल्याची एक खूण नाही, तेलाचा थेंब नाही. इंजिन बंद असताना, तेलाचा दाब नसताना शाफ्ट आडवा थोडा हलतोच, चांगल्या टर्बोचाही हलतो. आत-बाहेर हलला किंवा पाती घराला घासली तर काळजी करायची. आणि शाफ्टच गेलेला टर्बो चावी फिरवून बरा होत नाही. चावीने गाडी सुधारत होती कारण कॉम्प्युटरने ताकद कापून ठेवली होती आणि बंद-चालू केल्यावर ती परत देत होता. हे मी त्यांना पहिल्याच मिनिटाला सांगितलं होतं. तिथेच मला खटकायला हवं होतं, असं आता सगळे म्हणतात. पण अंगावर डगला, हातात स्कॅनर असलेला माणूस ठामपणे सांगतो तेव्हा कोणता गिऱ्हाईक वाद घालतो?

बिल असं: टर्बो ५८,४००, मजुरी ७,५००, स्कॅनिंग १,२००, ऑइल आणि फिल्टर ४,६५०, ईजीआर सफाई ३,५००. चाळीस हजार यूपीआयने आधीच घेतले. उरलेले ३५,२५० रोख द्या म्हणाले, पक्कं बिल हवं तर वर २८ टक्के जीएसटी लागेल. हेही खोटं. सप्टेंबर २०२५ पासून सगळे सुटे भाग १८ टक्क्यांत आहेत. पक्क्या बिलाला नाही म्हणणाऱ्याच्या हातात रोख पैसा देऊ नका.

आणि जुना टर्बो? "तो एक्सचेंजमध्ये कंपनीला गेला." हा तो क्षण. माझ्याच गाडीचा भाग, मला न विचारता गेला. काउंटरवर नव्या टर्बोचा रिकामा खोका ठेवलेला होता, त्याच्याकडे त्यांनी बोट दाखवलं आणि मी निघालो. रात्री झोप लागत नाही ती याच आठवणीने. जुना भाग मागा, आणि काम सुरू होण्याआधीच, लिहून मागा.

गाडी महामार्गावर छान पळाली. सपाट रस्ता, रिकामी गाडी. घाटात लोड येताच पुन्हा तोच काळा धूर. या वेळी पाटणच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी स्कॅनर लावायच्या आधी बॉनेट उघडून एकाला रेस द्यायला सांगितलं आणि स्वतः होजवर हात फिरवला. फुस्स आवाज येत होता तिथेच थांबले. इंटरकूलरचा होज क्लॅम्पच्या कडेला चिरलेला, भोवती तेलकट ओल, आणि चिरेवर रबराची पट्टी गुंडाळून वरून क्लॅम्प आवळलेला. नवीन पट्टी. म्हणजे खरा दोष त्या गॅरेजवाल्यांना सापडला होता! होज २,१५०, मजुरी ४००. मग मिस्त्रींनी टर्बोवरची नंबरची प्लेट फडक्याने पुसली. व्हिडिओ थांबवून नंबर ताडून पाहिला. तोच नंबर. वरून चंदेरी रंग मारलेला.

आता सरकारी दारांचं. गॅरेजजवळच्या पोलीस ठाण्यात म्हणाले, हा दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा. आमच्याकडच्या ठाण्यात म्हणाले, हद्द आमची नाही. टर्बो न बदलता टर्बोचे पैसे घेणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द नाही म्हणून तक्रार नाकारता येत नाही. हे मी वाचून दाखवलं तर अंमलदार म्हणाला, "तुम्ही वकील आहात का?" १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. गॅरेजने उत्तरच दिलं नाही आणि तक्रार बंद झाली. आरटीओत सांगितलं, गॅरेज आमच्या अखत्यारीत नाही. मग कुणाच्या आहे? गाडीचा कर भरायला, पीयूसीला, फिटनेसला सगळ्यांना आम्ही आठवतो. लुबाडले गेलो की प्रत्येक टेबल पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतं. ३५,२५० रोख दिल्याचा पुरावा काय, असं मलाच विचारलं, जणू चोर मी!

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकिलाची सक्ती नाही, दोन वर्षांची मुदत आहे, आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, गॅरेजच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मूळ व्हिडिओ, चिरलेला होज आणि मिस्त्रींचं लेखी म्हणणं जोडलंय. होज फेकू नका म्हणून मिस्त्रींनीच बजावलं होतं.

साताऱ्याकडच्या महामार्गावर कुणी अलीकडे टर्बो बदलून घेतला असेल, तर बॉनेट उघडून प्लेटचा फोटो काढा आणि बिलावर तो नंबर आहे का बघा. नसेल, तर तो लेखी मागा.