सिरपूरच्या पाळीवरून कॅनन आरएफ १००-४०० : एफ/८ला किती घाबरायचं?

या लेन्सचं नाव काढलं की पहिला आक्षेप ठरलेला: ‘४०० मिमीला एफ/८? मग अंधारच की!’ (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान आणि उजेड कमी.) आक्षेप खोटा नाही. पण इंदूरच्या सिरपूर तलावावर हिवाळ्यात तो दिवसातला किती वेळ खरा असतो, ते मोजून बघू.

लख्ख उन्हात एफ/१६ आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००ला शटर साधारण १/१०० सेकंद बसतं, हा फिल्मच्या काळापासूनचा हिशोब. त्यावरून एफ/८ आणि आयएसओ ८००ला १/३२०० मिळतं, म्हणजे उडत्या बगळ्याला पुरून उरतं. सूर्य उगवल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात मात्र उजेड तीन-चार स्टॉप कमी असतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). तेव्हा १/१६०० हवं असेल तर आयएसओ ३२०० ते ६४०० गाठावा लागतो, आणि कॅनन आर१०सारख्या कॅमेऱ्याच्या क्रॉप (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर ६४००ला पिसांतलं बारीक काम पुसट होतं. त्या वेळात उडते पक्षी सोडून द्या. पाण्यावर संथ बसलेली टिबुकली १/४००ला, आयएसओ ८०० ते १६००मध्ये छान येते. डिसेंबर-जानेवारीत सव्वाआठनंतर उजेडाची तक्रार उरत नाही. दहाच्या सुमारास पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते, मग लाखांची लेन्स असली तरी लांबचा पक्षी मऊच येतो. हातात राहतात पावणेदोन तास. पोहे-जलेबी त्यानंतर.

एक छोटी युक्ती: झूम ४००वरून ३५०च्या आसपास मागे घेतला की छिद्र एफ/७.१ होतं, म्हणजे एक तृतीयांश स्टॉप पदरात पडतो. उलट, ‘आणखी शार्प येईल’ म्हणून लांबच्या पक्ष्याला एफ/११ करू नका. दाट पिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर विवर्तनामुळे (लहान छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे) तपशील कमीच होतो, शटर हळू होतं ते वेगळंच.

आता पोहोच. क्रॉप बॉडीवर ४०० मिमीला ५० मीटरवरची फ्रेम सुमारे २.८ मीटर रुंद आणि १.८५ मीटर उंच असते. हातोदजवळच्या यशवंत सागरावरचा सारस तेवढ्या अंतरावर आडव्या फ्रेममध्ये जेमतेम मावतो. हळदी-कुंकू बदक मात्र फ्रेमच्या रुंदीचा जेमतेम पाचवा भाग व्यापतं. सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन्ही तलाव २०२२पासून जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहेत. काठ सोडून चिखलात उतरण्यापेक्षा एका जागी वीस मिनिटं गप्प बसलेलं बरं, पक्षी आपणहून जवळ सरकतात. १.४ पटीचा एक्स्टेंडर (पोहोच वाढवणारा जोड) या लेन्सला चालतो, पण मग एफ/११. घेऊ नये.

लेन्सचं वजन ६३५ ग्रॅम, आर१०सकट किलोच्या थोडं वर. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी एकटीच १,९३० ग्रॅम भरते. ते २०० मिमी जास्तीचे कामाचे आहेत, यात वाद नाही. पण दोन तास गळ्यात अडकवून फिरल्यावर, खंड्या अचानक सूर मारतो तेव्हा कॅमेरा डोळ्याला लागलेला असणं जास्त कामाचं.

या लेन्सची खरी मजा पक्ष्यांत नाहीच, चतुर-टाचण्यांत आहे. झूम २००ला ती ८८ सेंटिमीटरवर फोकस करते आणि ४००ला ०.४१ पट मोठी प्रतिमा देते. क्रॉप सेन्सरवर हिशोब केला तर साधारण ५४ मिलिमीटर रुंदीचा तुकडा फ्रेमभर येतो, म्हणजे लव्हाळ्याच्या टोकावर बसलेला अख्खा चतुर, तोही मीटरभर लांबून, त्याला न उडवता. अडचण एकच. इतक्या जवळून एफ/८ला फोकसमध्ये येणारी जाडी दोन-अडीच मिलिमीटर असते. तिरकं घेतलं तर डोळे स्पष्ट आणि शेपटी धुरकट. म्हणून त्याला बाजूने गाठा आणि सेन्सर त्याच्या शरीराला समांतर धरा. इथे एफ/११ करायला हरकत नाही. शटर १/५०० ठेवा, कारण लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हाताची थरथर सांभाळतं, वाऱ्याने डुलणारं लव्हाळं नाही. फोकस आधी त्या अंतराच्या जवळपास आणून ठेवला नाही तर लेन्स मागचं पाणी पकडते आणि शोधत बसते.

सेटिंगमध्ये सर्व्हो (हलत्या पक्ष्यावर सतत फोकस धरणारा मोड) आणि प्राण्यांचा डोळा ओळखणं सुरू करा. जलपर्णीआड बसलेल्या पक्ष्याला ते फसतं, कॅमेरा पुढचं पान धरतो. अशा वेळी एका बिंदूचा फोकस दुसऱ्या बटणावर ठेवलेला असावा. इलेक्ट्रॉनिक शटर शांत असलं तरी आर१०वर उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे दिसतात, मेकॅनिकलच बरं. गडद पाण्यावरच्या बगळ्याला एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा, नाहीतर पिसं पांढरीफट्ट. चकाकत्या पाण्यावरच्या वारकऱ्याला (कूट, काळा पाणपक्षी) उलट दोन तृतीयांश स्टॉप वाढवा. कपाळावरचा पांढरा टिळा जळतोय (तपशील जाऊन नुसता पांढरा होतोय) का, तेवढं हिस्टोग्रामवर, म्हणजे उजेडाच्या आलेखावर, पाहा.

उणिवा: हवामानरोधक सील नाही. पावसाळ्यात चोरल-पातालपाणीला नेणार असाल तर प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड हवाच. झूम करताना नळी बाहेर येते, तिच्यावरचे थेंब आत ओढले जाण्याआधी पुसा. घरी आल्यावर ४०-४५ टक्के आर्द्रतेच्या डब्यात ठेवा, नाहीतर बुरशी ठरलेली. हूड (भिंगापुढची सावलीची नळी) खोक्यात मिळत नाही, हे मात्र खटकतं. ईटी-७४बी नावाचा तो वेगळा घ्यावा लागतो. ट्रायपॉडची कॉलर नाही, या वजनाला लागतही नाही. आणि ही आरएफ माउंटची लेन्स जुन्या डीएसएलआरला बसत नाही, दुकानात चुकून विचारू नका.

सेकंडहँड घेताना भिंतीवर वर्तमानपत्राचं पान ताणून चिकटवा. कॅमेरा टेकवून, भिंतीला अगदी समांतर धरून, ४००ला फोटो घ्या आणि चारही कोपरे मोठे करून पाहा. एकच कोपरा धूसर असेल तर आतली भिंगं सरकली आहेत, सोडून द्या. मग मागून टॉर्च मारून कोळ्याच्या जाळ्यासारखं काही, म्हणजे बुरशी, दिसतं का तेही तपासा.

पाळीवर किंवा गाडीच्या खिडकीत टेकवायला बीनबॅग शिंप्याकडून शिवून घ्या. जाड कापड, दुहेरी शिवण, आत किलोभर राजमा किंवा मका. पोहे भरू नका, इंदूर असलं तरी. दोन दिवसांत चुरा होतो.