लय टिकवायची की गती आवरायची: ए-फिबच्या दोन औषधमार्गांची तुलना

ठोके अनियमित पडण्याचे कारण एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे बोलीतले ए-फिब, आहे असे ईसीजीवरून नक्की झाले की बहुतेक रुग्णांसमोर डॉक्टर दोन मार्ग ठेवतात. पहिल्या मार्गात हृदयाची मूळ लय परत आणून ती टिकवण्याचा प्रयत्न असतो आणि त्यासाठी आपल्याकडे एमिओडॅरॉन ही गोळी बरीच वापरली जाते. दुसऱ्या मार्गात लय अनियमित राहते हे स्वीकारून मेटोप्रोलॉलसारख्या गोळीने ठोक्यांची गती आवरली जाते. माझे वडील, ज्यांना घरात आम्ही अण्णा म्हणतो, तासगाव तालुक्यात द्राक्षबाग करतात आणि त्यांनी हे दोन्ही मार्ग अनुभवले आहेत. कोणती गोळी द्यायची हे डॉक्टरच ठरवतात आणि त्यांनीच ठरवावे. परंतु त्या गोळीमागची देखरेख आपल्या घराला वर्षानुवर्षे झेपेल का, याचे उत्तर फक्त घरच्यांकडे असते आणि ते डॉक्टरांना आधीच सांगितले पाहिजे, असे माझे मत आहे.

लय टिकवली म्हणजे आयुष्य वाढते, अशी अनेकांची समजूत असते. अमेरिका आणि कॅनडातील 4,060 रुग्णांच्या, 2002 साली प्रसिद्ध झालेल्या ‘अफर्म’ अभ्यासात गती आवरण्यापेक्षा लय टिकवण्याने मृत्यूचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही. पुढे 2020 साली युरोपातील एका मोठ्या अभ्यासात, निदान होऊन वर्ष उलटण्याच्या आत लय टिकवण्याचे उपचार सुरू केलेल्यांमध्ये पक्षाघातासह हृदयरोगाचे गंभीर परिणाम कमी आढळले. त्यात इतर औषधे आणि अ‍ॅब्लेशन, म्हणजे हृदयातील लय बिघडवणारा भाग नळीवाटे निकामी करण्याचा उपचार, हेही होते, त्यामुळे तो निष्कर्ष एकट्या एमिओडॅरॉनच्या नावावर मांडता येत नाही. आजार नवा असेल, धडधड आणि दम यांमुळे रोजचे जगणे अवघड झाले असेल किंवा हृदयाची ताकद कमी होत असेल, तर पहिल्या मार्गाचा विचार जोराने होतो. वय झालेल्या, फारसा त्रास नसलेल्या माणसाला दुसरा मार्ग बहुधा पुरतो.

मेटोप्रोलॉलची पथ्ये थोडी आहेत, पण ती रोजची आहेत. ही गोळी अचानक बंद केली तर ठोके एकदम वाढू शकतात आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांना छातीत दुखू शकते, म्हणून लग्नकार्याला परगावी जाताना ती सोबत असायलाच हवी. सावकाश विरघळणारी गोळी चावून किंवा कुटून घेऊ नये आणि एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. दमा असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी औषधे असतील, तर साखर घटल्यावर जाणवणारी धडधड आणि थरथर ही गोळी झाकून टाकते. घाम मात्र येतो आणि तीच खूण ओळखावी लागते. नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय ए-फिबमध्ये फसवी ठरते, म्हणून पूर्ण एक मिनिट मोजावी. तरीही काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे खरी गती डॉक्टर स्टेथोस्कोपने किंवा ईसीजीवर पाहतात.

एमिओडॅरॉन प्रभावी आहे, पण तिचे ओझे वेगळ्या प्रकारचे आहे. तिच्या वजनात सुमारे 37 टक्के आयोडीन असते, म्हणजे 200 मिलिग्रॅमच्या एका गोळीत जवळपास 75 मिलिग्रॅम. त्यामुळे थायरॉइड मंदावू शकते किंवा उलट अतिवेगाने काम करू लागते. गोळी सुरू करण्यापूर्वी आणि त्यानंतर साधारण दर सहा महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडचे काम दाखवणारी रक्तचाचणी) आणि यकृताची तपासणी करावी लागते; छातीचा एक्स-रे आणि डोळ्यांची तपासणी डॉक्टर सांगतील तशी.

आमच्या घरी एका छाटणीच्या हंगामात ही सहामाही तपासणी राहून गेली. अण्णा उन्हातही अंगावर शाल घेऊन बसत, चेहरा सुजल्यासारखा दिसे, आणि ‘वय झालं’ म्हणून आम्ही सगळ्यांनी ते सोडून दिले. रक्त तपासले तेव्हा थायरॉइड मंदावल्याचे कळले. तेव्हापासून पुढच्या तपासणीची तारीख फाइलच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते.

बागेत काम करणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. या गोळीवर असताना ऊन त्वचेला लवकर भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा आणि टोपी आवश्यक आहे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे: कोरडा खोकला आणि वाढता दम हे या औषधाने फुप्फुसावर केलेल्या परिणामाचे लक्षण असू शकते. गंधकाची धुरळणी चालू असलेल्या दिवसांत असा खोकला सहज धुळीच्या माथी मारला जातो. तसे न करता डॉक्टरांना लगेच दाखवावे.

सुरुवातीला काही आठवडे या गोळीचा डोस मोठा असतो आणि मग तो उतरवतात. जुनी चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवून तोच मोठा डोस पुढे चालू ठेवण्याची चूक टाळण्यासाठी जुन्या चिठ्ठीवर तारखेसह काट मारावी. वॉरफॅरिन, डिगॉक्सिन आणि सिमव्हास्टॅटिन यांचा प्रभाव एमिओडॅरॉनमुळे वाढतो, त्यामुळे ही औषधे आधीपासून चालू असतील तर त्यांचे डोस डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यावे लागतात. ताप-खोकल्यासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखे अँटिबायोटिक मनाने घेऊ नये, कारण दोन्ही मिळून धोकादायक लयबिघाड होऊ शकतो. माहितीपत्रकातला ‘ग्रेपफ्रूट’ शब्द वाचून आमच्या भागात लोक द्राक्षे आणि बेदाणा सोडतात. ते फळ लिंबूवर्गातले, पपनसाच्या कुळातले आहे. ते आणि पपनस टाळावे, द्राक्षांचा त्याच्याशी संबंध नाही.

दोन्ही मार्गांत एक गोष्ट सारखी आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. पक्षाघाताचा धोका पाहून दिलेली रक्त पातळ करणारी गोळी लय सुधारली म्हणून आपोआप बंद होत नाही. चक्कर येऊन शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे किंवा बोबडी वळणे यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता 108 वर फोन करावा.

सहा महिन्यांनी रक्त तपासणे, अंगावरच्या बारीक बदलांकडे लक्ष देणे आणि प्रत्येक नव्या गोळीपूर्वी विचारणे हे ज्या घरात पाळले जाईल, त्या घरासाठी एमिओडॅरॉन वाजवी आहे. जिथे रुग्ण एकटा राहतो आणि तपासणीसाठी सांगली-मिरजेला नेणारे कोणी नाही, तिथे त्रास सहन होण्याजोगा असल्यास गती आवरण्याच्या मार्गाबद्दल डॉक्टरांशी आवर्जून बोलावे. एमिओडॅरॉन बंद केल्यावरही ती अनेक आठवडे, काही वेळा महिने शरीरात राहते. म्हणून बंद केल्याची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लिहावी आणि पुढच्या काही महिन्यांत भूल देण्याची किंवा नवे औषध सुरू करण्याची वेळ आली तर ती समोरच्या डॉक्टरांना दाखवावी.