आरसी ५२२ आरएफआयडी रीडर: वस्तू चांगली आहे, पण आधी सोल्डर मारा

तीन रात्री घालवल्या या काडेपेटीहून थोड्या मोठ्या निळ्या बोर्डापायी, म्हणून म्हटलं लिहून टाकावं, निदान दुसऱ्या कुणाच्या तरी वाचतील. मला करायचं होतं काय, तर टेबलाच्या ड्रॉवरला छोटंसं लॉक, कार्ड दाखवलं की सर्व्हो (हवी तेवढीच फिरणारी छोटी मोटर) फिरणार आणि खिट्टी सरकणार. अर्डुइनो उनो (कोड टाकून चालवायचा छोटा कंट्रोलर बोर्ड) घरात पडलेलाच होता, फक्त रीडर मागवला, म्हणजे कार्ड जवळ नेलं की रेडिओ लहरींनी त्याचा नंबर वाचणारा हा आरएफआयडी बोर्ड.

पाकिटात बोर्ड, एक पांढरं कार्ड, एक निळं कीचेन आणि पिनांच्या दोन पट्ट्या निघतात, एक सरळ आणि एक काटकोनात वाकवलेली. या पट्ट्या बोर्डाला जोडलेल्या नसतात, आपण सोल्डर करायच्या असतात, म्हणजे कथिल वितळवून डाग द्यायचा. मी आळशी माणूस, पिना नुसत्या भोकात घातल्या, बोर्ड जरा तिरका टेकवून ठेवला आणि म्हटलं आधी चालतंय का बघू, सोल्डरिंग काय उद्या पण होईल. कोड अपलोड झाला, सिरीयल मॉनिटर (अर्डुइनोचे निरोप दाखवणारी संगणकावरची खिडकी) उघडला तर फर्मवेअर व्हर्जन, म्हणजे चिपचा आवृत्ती क्रमांक, ००. वायरी काढून परत लावल्या तर एफएफ. मग वैतागून बोर्डावर अंगठा दाबला आणि एकदम ९२ आलं, अंगठा उचलला की परत ००. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या आकड्यांत) ९१ किंवा ९२ दिसलं तर चिप तुमच्याशी बोलतेय, ०० किंवा एफएफ म्हणजे बोलतच नाहीये, आणि तेव्हा कोड बदलत बसण्यात काही अर्थ नाही, वायर आणि पिना बघा. ८८ आलं तर चिप नकली आहे, पण माझ्या दुसऱ्या बोर्डावर ८८च येतं आणि तो कार्ड मुकाट वाचतो, त्यामुळे लगेच फेकू नका.

दुसरी रात्र गेली एका नावापायी. बोर्डावर एका पिनेवर लिहिलंय एसडीए. आता आय-टू-सी (चिपांनी एकमेकींशी बोलायची एक पद्धत) वापरलेल्या कुणालाही वाटणार की ही उनोच्या ए४ पिनेला जाणार, मीही तिथेच लावली. पण ही चिप एसपीआय, आय-टू-सी आणि युएआरटी अशा तिन्ही पद्धतींनी बोलू शकते, पिन एकच असते आणि काम बदलतं, आणि हा बोर्ड एसपीआयसाठीच जोडलेला येतो, म्हणजे इथे एसडीए हीच सिलेक्टची, चिपला ‘आता तुझ्याशीच बोलतोय’ असं सांगणारी पिन. उनोवर ती १० ला, एससीके १३, मिसो १२, मोसी ११, रीसेट ९. आयआरक्यू मोकळी सोडा. अर्डुइनोचा मोठा बोर्ड मेगा असेल तर आकडे बदलतात, मिसो ५०, मोसी ५१, एससीके ५२, सिलेक्ट ५३, आणि उनोचं चित्र बघून मेगाला वायरी लावणारे कमी नाहीत.

पॉवर ३.३ व्होल्टच द्यायची, ५ ला लावलीत तर चिपला राम म्हणा. उनोच्या बाकीच्या पिना ५ व्होल्टचेच सिग्नल देतात, ते चिपला खरं तर मान्य नाही, माझ्याकडे चालतंय, पुष्कळांकडे चालतं, पण कायम भिंतीत बसवणार असाल तर मध्ये ५ चे ३.३ व्होल्ट करणारा लेव्हल शिफ्टर टाका नाहीतर उनोऐवजी सरळ ईएसपी ३२ बोर्ड घ्या, तो मुळातच ३.३ चा आहे.

रेंजबद्दल फार आशा ठेवू नका. ५ सेंटिमीटर म्हणतात, मला कार्डाला तीनेक मिळाले, कीचेनला त्याहून कमी कारण त्याची आतली कॉईलच एवढीशी. लाकडातून आरामात वाचतो. मागे पत्रा असला की मेला. मी आधी ड्रॉवरच्या लोखंडी रेलला चिकटवला होता, तिथे कार्ड घासलं तरी ढिम्म.

आता कार्डं. हा रीडर १३.५६ मेगाहर्ट्झचा आहे आणि पुष्कळ गेट-हजेरीची कार्डं १२५ किलोहर्ट्झची असतात, दिसायला अगदी जुळी भावंडं. तुमचं जुनं कार्ड वाचत नसेल तर रीडरला शिव्या घालण्याआधी ते बघा. फोन दाखवून लॉक उघडायचा विचार असेल तर सोडा, माझा फोन दर वेळी वेगळाच नंबर देतो.

सोबतच्या कार्डात १ केबी जागा असते, १६ सेक्टर, प्रत्येकात ४ ब्लॉक, एका ब्लॉकात १६ बाइट. मी हौसेने ७ नंबरच्या ब्लॉकात स्वतःचं नाव लिहिलं. झालं, तो सेक्टर कायमचा बंद, कारण ब्लॉकांची मोजणी ० पासून आणि प्रत्येक सेक्टरच्या शेवटच्या ब्लॉकात किल्ल्या आणि परवानग्या असतात, तिथे काहीबाही लिहिलं की परतीचा रस्ता नाही. ३, ७, ११, असे ब्लॉक सोडून लिहा. आणि एक, नुसता कार्डाचा नंबर जुळवून दार उघडत असाल तर तो नंबर कॉपी करता येणारी कार्डं मिळतात, वर या कार्डांचं एन्क्रिप्शनही २००८ मध्येच फुटलंय. माझ्या ड्रॉवरात पेचकस आणि चॉकलेटं आहेत म्हणून चालतं, घराच्या दाराला मी लावणार नाही.

तिसऱ्या रात्री सगळं चाललं आणि सर्व्हो जोडला, तर तो फिरला की बोर्ड रीसेट. सर्व्होला वेगळी पॉवर दिली, ग्राउंड मात्र एकत्र ठेवला, मग शांत झाला.

या रीडरसाठीच्या लायब्ररीच्या (तयार कोडच्या) उदाहरणांत फर्मवेअर तपासायचा एक छोटा प्रोग्राम आहे, तो मी सगळ्यात शेवटी बघितला. दुसरा बोर्ड आला तेव्हा आधी पिनांना सोल्डर मारलं, मग तोच चालवला, आणि वीस मिनिटांत काम झालं, त्यातली दहा तर सोल्डरिंग आयर्न तापायलाच गेली.