क्लिपलेस पेडल घ्यायचीत पण पडायची भीती वाटते? मग कुठली घेऊ

क्लिपलेस म्हणजे बुटाच्या तळव्याला लावलेला छोटा तुकडा, क्लीट, ज्यात अडकते ती सायकलची पेडल. आधीच सांगतो, त्यांच्यामुळे मी पडलोय. तीनदा. आणि तिन्ही वेळा सायकलचा वेग शून्य होता. पहिल्यांदा सिग्नलला थांबलो, डावा पाय सवयीने वर ओढला, तो काही निघेना, परत ओढला तरी निघेना, आणि मग ते दीड सेकंद असतात ना, जेव्हा आपल्याला पूर्ण कळत असतं की आता आपण आडवे होणार आणि करता काहीच येत नाही, ते. कोपर खरचटलं, शेजारच्या गाडीतलं पोरगं खदाखदा हसलं, संपलं.

त्यामुळे भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण भीती नक्की कशाची ते आधी बघा. पेडल पाय सोडत नाही असं नसतं, आपला पाय विसरतो. आयुष्यभर पाय वर उचलून जमिनीवर ठेवलाय, इथे टाच बाहेरच्या बाजूला वळवायची असते. नाव पण उलटंच आहे बघा, बूट अडकतो आणि म्हणे क्लिपलेस, कारण पूर्वी पेडलला पुढे पिंजऱ्यासारखी टो-क्लिप आणि पट्टा असायचा तो यात नाही. त्या पट्ट्यातून पाय काढायला हात खाली घालून तो सैल करावा लागायचा! लूक ही फ्रेंच कंपनी बर्फावरच्या स्कीला बूट अडकवायची बाइंडिंग बनवायची, तिने तीच आयडिया १९८४ ला पेडलला लावली आणि १९८५ ला फ्रेंच सायकलपटू बर्नार्ड इनोने त्यावर टूर द फ्रान्स जिंकली. म्हणजे पाय पटकन सुटावा हे या पेडलच्या मुळातच आहे.

आता पर्याय. पिनवाली फ्लॅट पेडल, म्हणजे काहीच न अडकणारी साधी सपाट पेडल, वर पकडीसाठी छोट्या पिना, आणि चपट्या तळव्याचे ग्रिपवाले बूट हा पहिला, आणि खरं सांगू का, बऱ्याच जणांना एवढं पुरतं. क्लिपलेसने पाय वर ओढून फुकटची ताकद मिळते असं जे सांगतात ते फार मनावर घेऊ नका, एका लयीत चालवताना जोर खाली दाबण्यातूनच येतो. खरा फायदा म्हणजे जोरात पाय फिरवताना, उभं राहून चढताना किंवा खडबडीत रस्त्यावर पाय घसरत नाही, आणि चवडा दरवेळी त्याच जागी बसतो. हे तुम्हाला नको असेल तर इथेच थांबा, पैसे वाचवा.

दुसरा, एका बाजूला फ्लॅट आणि दुसऱ्या बाजूला बूट अडकवायची सोय. घाबरणाऱ्याला सगळे हेच सुचवतात आणि माझं इथे जरा वेगळं मत आहे. गर्दी दिसली की आपण फ्लॅट बाजूवर जातो, म्हणजे जिथे पाय काढायची सवय लागायला हवी तिथेच ती लागत नाही, भीती आहे तिथेच राहते. शिवाय निघताना हवी ती बाजू वर नसते, मग खाली बघत पेडल उलटं करत बसायचं. साध्या चपलेवर पण सायकल लागत असेल तर घ्या, भीती घालवायला म्हणून नको.

तिसरा माझा आवडता, दोन्ही बाजूंनी अडकणारं शिमानो कंपनीचं एसपीडी, दोन बोल्टच्या क्लीटचं. क्लीट बुटाच्या तळव्यात आत बसते त्यामुळे उतरून नीट चालता येतं. पेडलसोबत बहुतेक वेळा एसएच-५१ क्लीट येते, ती टाच बाजूला वळवली तरच सुटते. नवशिक्याने एसएच-५६ वेगळी मागून घ्यावी, ती मल्टी-रिलीज आहे, घाबरून पाय तिरका वर ओढला तरी बहुतेक वेळा सुटते. तोटा एवढाच की उभं राहून जोर लावताना कधी नको तेव्हा पण सुटू शकते. टेन्शनचा, म्हणजे पेडलची पकड कमी-जास्त करायचा, स्क्रू उणेच्या बाजूला पूर्ण सैल करा, आणि एक लक्षात ठेवा, स्क्रू चार असतात, दोन पेडलच्या दोन-दोन बाजू. मी तीनच सैल केले होते. दुसऱ्यांदा पडलो ते त्या चौथ्यामुळे.

चौथा, रोडवालं तीन बोल्टचं, शिमानोचं एसपीडी-एसएल किंवा लूकचं किओ. पाय मस्त घट्ट बसतो, लांब राइडला आरामशीर, पण क्लीट बुटाखाली बाहेर आलेली, फरशीवर बदकासारखं चालायचं, आणि पेडल एकाच बाजूने अडकतं. एसपीडी-एसएलची पिवळी क्लीट सोपी असं कुणी सांगेल, तर तिचा ६ अंशांचा फ्लोट (अडकलेली टाच न सुटता जेवढी हलते तेवढं) गुडघ्याला मोकळीक म्हणून असतो, लवकर सुटण्यासाठी नाही. दर दोन मिनिटांनी पाय टेकवावा लागत असेल तर सुरुवात यावर नको.

कुठलंही घ्या, पहिला दिवस भिंतीला धरून. अडकव, काढ, अडकव, काढ, प्रत्येक पायाने पन्नासेक वेळा, पेडल खाली असताना कारण तिथे टाच वळवणं सोपं जातं. मग गवतावर. थांबायच्या बरंच आधी, सायकल चालत असतानाच एक पाय मोकळा करा, गिअर हलका करा आणि अंग मोकळ्या पायाकडे झुकवा. मोकळा डावा आणि सायकल कलली उजवीकडे, हे पण होतं.

आणि तिसरं पडणं राहिलंच. तेव्हा सगळं बरोबर केलं होतं, टाच वळवली, बूट वळला, क्लीट जागची हलली नाही, कारण दोनपैकी एक बोल्ट कधीतरी गळून पडलेला आणि बूट नुसता दुसऱ्याभोवती फिरत होता. शेवटी आडवा पडल्यावरच बुटातून पाय काढला आणि बूट पेडलवरच लटकत ठेवून मोजा घातलेल्या पायाने रस्त्याच्या कडेला गेलो. तेव्हापासून ॲलन की खिशात असते आणि बोल्ट आधी ग्रीस लावून घट्ट करतो, मग पहिल्या एक-दोन राइडनंतर परत.