माइनक्राफ्टचा पिक्चर: गेम न खेळलेल्या माणसानं बघितला तर

गेल्या रविवारी कोल्हापुरात राजारामपुरीत बहिणीच्या घरी 'अ माइनक्राफ्ट मूव्ही' बघितला. ज्या माइनक्राफ्ट गेमवरनं तो काढलाय तो मी कधी खेळलेलो नाही. माझं बांधकामाचं काम, वीस वर्षं झाली गवंडी आणि सेंट्रिंगवाल्यांच्या मागं फिरतोय, पण भाचा पाचवीत आहे आणि शाळेतून आला की टॅबवर चौकोनी ठोकळ्यांची घरं बांधत बसतो, मी गेलो की "मामा हे बघ की" म्हणून दाखवतो, मग म्हटलं एकदा त्याच्याबरोबर बसून हे नक्की काय आहे ते बघूया तरी. त्याचे तीन दोस्तपण आलेले. बहिणीनं भडंगाचं पातेलं मधे ठेवलं आणि लावला पिक्चर.

गोष्ट साधी आहे. स्टीव्ह नावाचा माणूस (जॅक ब्लॅक) खाणीतून एका ठोकळ्यांच्या दुनियेत जातो, तिथं जे मनात येईल ते बांधता येतंय. मग अमेरिकेतल्या एका छोट्या गावातली चार माणसं चुकून तिथं पोचतात, त्यात हेन्री नावाचा हुशार पोरगा, त्याची बहीण, आणि गॅरेट म्हणून एक जुना व्हिडिओ गेम चॅम्पियन, ते काम जेसन मोमोआनं केलंय. विरुद्ध बाजूला डुकरतोंड्यांची एक म्हातारी राणी, तिला सोन्याशिवाय काही दिसत नाही आणि कोण नवीन काही बनवायला लागलं की तिचा जीव जळतो. एवढंच. 2025 चा पिक्चर, पावणेदोन तासाच्या आत संपतो.

आता नवख्या माणसाला कळतो का? गोष्ट कळते. पण कळणं वेगळं आणि मजा येणं वेगळं, आणि मला मजा आली ती निम्मी पडद्यावरनं आणि निम्मी शेजारी बसलेल्या भाच्यामुळं. हिरवा चार पायांचा प्राणी हळूच जवळ आला की पोरं आधीच ओरडायची "क्रीपर, पळ पळ", तो फुटणार हे त्यांना माहीत, मला नाही. त्या गेममध्ये दिवस आणि रात्र मिळून 20 मिनिटांत संपतात, अंधार पडला की भुतं बाहेर येतात, त्यामुळं उजेड आहे तोवर डोक्यावर छप्पर करायचं, हा सगळा हिशोब भाच्यानं पॉज करून समजावला. पावसाळ्याच्या आधी स्लॅब पडला पाहिजे म्हणून आम्ही जी धावपळ करतो तीच की ही, मला लगेच पटलं.

पहिल्या रात्री हेन्रीला कळतं की आपल्याला इथं बांधता येतंय आणि तो भराभरा ठोकळे रचत सुटतो, तो सीन मी परत लावायला सांगितला. ना ओळंबा ना पाड, ठोकळा ठेवला की बसला. झाडाचा खालचा बुंधा काढला तरी वरचं झाड हवेत तसंच राहतं म्हणे गेममध्ये, वाळू मात्र खाली पडते. वीट करायची असेल तर चिकणमाती खणून भट्टीत भाजायची, अशा चार विटांचा एक ठोकळा. हे ऐकून मी सरळ बसलो, म्हणजे ज्यानं हे काढलंय त्यानं हातानं काम करणाऱ्या माणसासारखा विचार केलाय. आणि इथंच माझी तक्रार आहे. ज्या गोष्टीसाठी या गेमच्या 30 कोटींच्या वर प्रती विकल्या गेल्या ते बांधणंच पिक्चरमध्ये कमी दाखवलंय. एक घर पायापासून कौलापर्यंत, निवांत पाच मिनिटं दाखवायचं होतं, त्याऐवजी पळापळ, मारामारी, परत पळापळ. मधली वीसेक मिनिटं तर मला नुसता गोंगाट वाटला.

पण मारामारीतला एक सीन लई भारी. मोमोआ म्हणजे गंगावेस तालमीत शोभावा असा गडी, गुलाबी जाकीट घालून रिंगणात उतरतो, आणि समोर येतं काय तर एवढीशी कोंबडी आणि तिच्यावर बसलेलं भुताचं बारकं पोर. जॅक ब्लॅक ओरडतो "चिकन जॉकी!" आणि आमच्या घरात चारी पोरं एकदम उभी, भडंग छताला. तिकडं परदेशात थेटरात याच सीनला पॉपकॉर्न उधळलेत लोकांनी. खासबाग मैदानात जोड लागली आणि बारक्या पैलवानानं मोठ्याला चितपट करायची वेळ आली की जसा दंगा उठतो अगदी तसा आवाज, त्या क्षणी मला गेम येत नाही हे मी विसरलो.

आणि एक जागा सांगतो, ती एकट्यानं बघितली असती तर मला कधीच कळली नसती. डोक्यावर मुकुट घातलेलं एक डुक्कर दोन सेकंद दिसतं, स्टीव्ह त्याच्याबद्दल आदरानं काहीतरी बोलतो आणि पिक्चर पुढं जातो. पोरं गप्प झाली. विचारलं तर भाचा म्हणाला, "मामा, तो टेक्नोब्लेड, यूट्यूबवर माइनक्राफ्ट खेळायचा, कॅन्सरनं वारला." 2022 मध्ये गेला तो, 23 वर्षांचा होता. ज्या माणसाला या पोरांनी प्रत्यक्षात कधी बघितलं नाही त्याच्यासाठी ती शांत बसली, त्यातल्या एकानं तर हातातली वाटी खाली ठेवली. बहिणीला वाटायचं पोरगं टॅबमध्ये वाया चाललंय, ती पण दारात उभी राहून हे बघत होती, काही बोलली नाही.

तर एकट्यानं बघू नका, घरातलं नाहीतर शेजारचं खेळणारं एखादं पोर बरोबर घ्या आणि त्याला मधेमधे थांबवून विचारा, त्यांना सांगायला आवडतं. फक्त गोष्टीसाठी बघणार असाल तर पाचपैकी अडीच, पोराबरोबर बघणार असाल तर चार.

निघताना भाच्याला विचारलं, यात चौसोपी वाडा बांधता येईल काय रे, मधे चौक, चारी बाजूला सोपे, वर माडी? म्हणाला, "येतोय की मामा, पण आधी लाकडं लई तोडाय लागतील." येत्या रविवारी बसायचं ठरलंय, वाड्याचा नकाशा मी वहीत काढून नेणार आहे.