इंदूर बायपासवरील एका बड्या हॉटेलातला मुक्काम

घरच्या मुंजीसाठी पुणे, ठाणे आणि नागपूरहून आलेल्या नातेवाइकांची उतरण्याची सोय आम्ही इंदूरच्या बायपासवरील एका मोठ्या हॉटेलात केली होती. निरनिराळ्या वयाच्या या पाहुण्यांना तेथे आलेले अनुभव एकत्र करून हे परीक्षण लिहीत आहे. त्यात तक्रारीही असल्यामुळे हॉटेलचे नाव देत नाही.

शहराबाहेरच्या हॉटेलात जागा ऐसपैस मिळते, ही अपेक्षा पूर्ण झाली. खोल्या प्रशस्त होत्या, मोटारी आणि मिनीबस उभ्या करायला भरपूर जागा होती, आणि दुहेरी काचांमुळे हमरस्त्यावरील ट्रकांचा आवाज आत येत नव्हता. मात्र मागच्या बाजूच्या खोल्यांना लागून एक मॅरेज गार्डन, म्हणजे लग्नसमारंभांचे मोकळे मैदान, आहे आणि डीजेच्या ठोक्यांपुढे त्या काचा निरुपयोगी ठरतात. नियमाप्रमाणे रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद व्हायला हवेत आणि ते झालेही. पण लहान मुलांना आठ वाजता झोपवणाऱ्या आईला त्याचा काय उपयोग? लग्नसराईत खोली घेताना ती रस्त्याच्या बाजूची मागावी, असा उलटा सल्ला म्हणूनच द्यावा लागतो.

खरी परीक्षा झाली ती रात्रीच्या सेवेची. इंदूरला येणारा पाहुणा दिवसा खोलीत असतो आणि रात्री बाहेर. सराफ्यातील दागिन्यांची दुकाने बंद झाल्यावर तेथे खाण्याचा बाजार भरतो, आणि भुट्ट्याचा कीस, दहीवडे, थंडीत गराडू (तळलेला कंद), शेवटी शिकंजी (इथे दुधाचे घट्ट पेय) असे करत मध्यरात्र सहज उलटते. दुसरीकडे, उज्जैनला महाकालाच्या भस्मारतीसाठी जाणाऱ्यांना, आरती पहाटे चारच्या सुमारास असल्यामुळे आणि प्रवेशाची रांग त्याच्या बरीच आधी लागत असल्यामुळे, सुमारे पंचावन्न किलोमीटरचे अंतर लक्षात घेऊन रात्री एकच्या आसपासच निघावे लागते. म्हणजे या शहरातील हॉटेलने मध्यरात्री जागे असणे ही चैन नसून गरज आहे. या बाबतीत रात्रपाळीच्या व्यवस्थापकाचे मनापासून कौतुक केले पाहिजे. त्यांनी ओळखीचा चालक आधीच ठरवून ठेवला, खोल्यांमध्ये वेळेवर फोन करून सर्वांना उठवले, सोवळ्याच्या वस्त्रांसाठी वेगळी पिशवी दिली आणि ज्येष्ठांना चहा खोलीत न मागता मिळाला. स्वयंपाकघराला मात्र ही दृष्टी नव्हती. दर्शनाआधी काही न खाणाऱ्या, आणि त्यातही सोमवारचा उपवास असलेल्या मंडळींना बरोबर बांधून दिले काय, तर चीज सँडविच आणि मफिन! इंदूरसारख्या गावात, जेथे साबुदाण्याची खिचडी चौकाचौकांत मिळते, तेथे उपवासाचा डबा सुचू नये याचे नवल वाटते. सराफ्याला गेलेल्यांची अडचण वेगळीच होती. परतताना बायपासकडे यायला ॲपवरच्या टॅक्सी मिळेनात आणि हॉटेलच्या गाडीचे भाडे दोघांच्या तेथील खाण्याच्या खर्चाहून अधिक झाले. ज्यांना रोज सराफ्याजवळच्या राजवाड्याकडे जायचे आहे, त्यांनी शहरातच उतरणे शहाणपणाचे.

ज्येष्ठांच्या दृष्टीने सर्वांत खटकलेली गोष्ट न्हाणीघर. शॉवर आणि उरलेली जागा यांच्यामध्ये केवळ काचेचा पातळ पडदा असून खालची फरशी गुळगुळीत संगमरवरी आहे, आणि धरायला दांडी नाही. सत्तरी ओलांडलेल्या मावशींनी पहिल्याच सकाळी स्पष्ट सांगितले, “दिसायला महाल आहे गं, पण मी अंघोळ बादलीनेच करणार.” बादली आणि प्लॅस्टिकचे स्टूल मागितल्यावर दहा मिनिटांत आले, तेही नाक न मुरडता. रबरी चटई मात्र शेवटपर्यंत आली नाही.

नाश्त्याचा पसारा मोठा होता. इडली-डोशाचा काउंटर चांगला, जिलेबी समोर तळून दिलेली आणि खरोखर उत्तम. पोह्यांनी मात्र निराशा केली. इंदुरी पोहे उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवलेले असतात, म्हणूनच ते तासभरानंतरही मऊ राहतात. येथे ते झाकणाखालच्या भांड्यात कोरडे पडले होते, आणि शेजारी ठेवलेले जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) व शेव त्यांना वाचवू शकले नाहीत.

बिलाबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, त्या मर्यादेपर्यंत २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. म्हणून मर्यादेच्या जरा वरची खोली एकूण हिशेबात बरीच महाग पडते. दुसरी गोष्ट रेस्टॉरंटच्या बिलातील सेवाशुल्काची. ग्राहकाला न विचारता ते लावण्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच मनाई केली आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती मनाई उचलून धरली. तरी आमच्या बिलात ते होते. सांगताच वाद न घालता काढले, परंतु दुरुस्त बिल छापून यायला इतका वेळ लागला की ठाण्याच्या मंडळींची विमानासाठी धावपळ झाली. विमानतळ शहराच्या पश्चिमेला आणि बायपास पूर्वेला असल्यामुळे मध्ये सारे इंदूर ओलांडावे लागते. तेव्हा बिल आदल्या रात्रीच मागवून तपासून ठेवावे.